भंगाराचा भाव आणि श्रमाचे मोल

बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर भागात, सातपुड्याच्या पायथ्याकडे जाणाऱ्या वाटेवर वरवट बकाल हे संग्रामपूर तालुक्यातील बाजारपेठेचे गाव आहे. कापूस, सोयाबीन व तूर पिकविणाऱ्या या पट्ट्यात गेल्या काही दशकांत शेतीचे रूप पालटले आणि त्याबरोबर उकिरड्याचेही रूप पालटले. पूर्वी उकिरड्यावर शेण, राख, काडीकचरा पडे आणि पावसाळ्यापूर्वी तो खत होऊन शेतात जाई. आज त्याच उकिरड्यावर बियाण्यांच्या पिशव्या, ठिबकच्या फाटक्या नळ्या, कीटकनाशकांचे डबे, वेफर्सचे पुडे, शाम्पूच्या पुड्या आणि दुधाच्या पिशव्या येऊन पडतात. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात गोडे पाणी विकत घेण्याची पाळी अनेकांवर आली, तेव्हा त्यात पाण्याच्या बाटल्यांची भर पडली. हा कचरा कुजत नाही. शेतात गेला तर शेत नासवितो, जाळला तर हवा नासवितो.

अरबीतून मराठीत आलेल्या 'बकाल' या शब्दाचा मूळ अर्थ वाणी, किराणा विकणारा असा आहे. पुढे आपल्या भाषेत तोच शब्द अस्वच्छ वस्तीला चिकटला. व्यापार आणि अस्वच्छता असे दोन अर्थ एकाच शब्दात नांदत आहेत, आणि आजच्या आमच्या विषयातही हे दोन्ही एकत्र आले आहेत. गावाने टाकून दिलेल्या वस्तूंचाही एक व्यापार असतो. त्या व्यापारात शासनाने, नगरपरिषदेने वा पंचायतीने उतरायचे ठरविले, तर भाव कोणी ठरवावा, कोणत्या हिशोबाने ठरवावा आणि त्याचा भार कोणी सोसावा, हा प्रश्न उभा राहतो. प्रश्न दिसतो काट्यावरचा. पण त्यात गावातील सर्वांत गरीब माणसाची भाकरी गुंतलेली आहे. म्हणून त्याचा थोडा विस्ताराने विचार करावा असे आम्हांस वाटते.

शेड उभी राहते, पुढे काय?

स्वच्छ भारत अभियानाचा (ग्रामीण) दुसरा टप्पा २०२०-२१ मध्ये सुरू झाला. पहिल्या टप्प्यात शौचालयांवर भर होता. दुसऱ्यात घनकचरा व सांडपाणी यांचा समावेश करण्यात आला. घनकचऱ्यासाठी ५,००० पर्यंत लोकसंख्येच्या गावास दरडोई ६० रुपये आणि त्याहून मोठ्या गावास दरडोई ४५ रुपये असे प्रमाण ठरले. त्याशिवाय प्रत्येक तालुक्यास एक प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापन केंद्र असावे आणि त्यासाठी १६ लाख रुपयांपर्यंत निधी द्यावा, अशी तरतूद झाली. जवळच्या नगरपरिषदेचे केंद्र असल्यास गावांनी त्याच्याशी जोडून घ्यावे, असाही मार्ग मोकळा ठेवण्यात आला. संग्रामपूर तालुक्याच्या शेजारी शेगाव, जळगाव जामोद व खामगाव येथे नगरपरिषदा आहेत आणि संग्रामपूरला नगरपंचायत आहे. म्हणजे खेड्यातून गोळा झालेला माल शहराच्या मालकीच्या केंद्रावर नेऊन घालणे, ही गोष्ट या भागात अशक्य कोटीतील नाही.

अशा केंद्रात काय चालते, हे वऱ्हाडातील माणसास समजावून सांगणे सोपे आहे, कारण जिनिंग-प्रेसिंग आपण पाहिलेले असते. कापूस येतो, सरकी वेगळी होते, रुईच्या गाठी बांधल्या जातात. कचऱ्याच्या केंद्रातही माल निवडला जातो, झटकून त्यातील धूळ काढली जाते, काही मालाचे तुकडे केले जातात आणि उरलेल्याच्या गाठी बांधल्या जातात. फरक एकच. जिनमध्ये येणारा कापूस शेतकऱ्याने वेचून, जपून आणलेला असतो. केंद्रात येणारा माल कोणीतरी फेकून दिलेला असतो.

निधीचे आकडे पाहताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हा निधी मुख्यतः उभारणीचा आहे. शेड, यंत्र, तीनचाकी गाडी त्यातून येते. परंतु निवड करणाऱ्या बायांची दरमहाची मजुरी, विजेचे बिल, गाडीचे डिझेल आणि यंत्राची दुरुस्ती यांचा खर्च गावालाच उभा करावा लागतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळातील अनुदानात ६० टक्के रक्कम पाणी व स्वच्छतेसाठी बांधून दिलेली होती, हा एक आधार होता. परंतु अनुदान येते आणि थांबते. कचरा मात्र थांबत नाही. केंद्र चालू राहील की कुलूप लागेल, हे अखेर दरपत्रकावर ठरते.

तीन दर, तीन दिशा

'कचऱ्याचा दर' असे आपण सरसकट म्हणतो. वास्तविक त्यात तीन वेगवेगळ्या रकमा आहेत आणि पैसा प्रत्येकीत वेगळ्या दिशेने जातो. पहिली रक्कम घराने द्यावयाची: कचरा उचलून नेण्याच्या सेवेबद्दलचे शुल्क. दुसरी रक्कम केंद्राच्या फाटकावर माल आणणाऱ्याने द्यावयाची: माल उतरवून घेण्याचे शुल्क. तिसरी रक्कम केंद्राने माल आणणाऱ्यास द्यावयाची: मालाची किंमत. या तिन्हींची सरमिसळ झाली की वाद सुरू होतात. घरमालक म्हणतो, "माझ्या रद्दीला रद्दीवाला पैसे देतो, मग मी पंचायतीला का द्यावेत?" अधिकारी म्हणतो, "लाखोंची यंत्रे बसविली, मग केंद्राने नफा का दाखवू नये?" दोघांचेही म्हणणे अर्धे खरे आहे.

खरी अडचण मालाच्या प्रकारात आहे. लोखंड, पत्रा, तांबे, पुठ्ठा, वर्तमानपत्रे, पाण्याच्या बाटल्या यांना बाजारात भाव आहे. भंगारवाला ते दारात येऊन घेतो. याउलट वेफर्सचे चकचकीत पुडे, मसाल्यांच्या पुड्या, मळलेल्या कॅरीबॅग यांना कोणी विचारीत नाही. पुड्याच्या आवरणात निरनिराळ्या पदार्थांचे थर एकमेकांस चिकटविलेले असतात; ते सुटे करणे परवडत नाही. असा माल सिमेंट भट्टीत इंधन म्हणून किंवा डांबरी रस्त्यात मिसळण्यासाठी वापरता येतो. परंतु विदर्भातील सिमेंट कारखाने मुख्यतः चंद्रपूर जिल्ह्यात, म्हणजे संग्रामपूरपासून पार दुसऱ्या टोकाला. तिथवर ट्रक भरून पाठविण्याचा खर्च मालाच्या किमतीहून अधिक होतो. अशा मालाला उणे किंमत आहे असेच म्हणावे लागते.

आता दर ठरविणाऱ्यापुढील पेच पाहा. सर्व मालाला वजनावर एकच दर दिला, तर लोक जड माल आणतील, पिशव्यांत माती आणि पाणी येईल, आणि हलके पुडे नाल्यातच राहतील. चांगल्या मालाला बाजारापेक्षा कमी भाव दिला, तर तो भंगारवाल्याकडे जाईल आणि केंद्राच्या वाट्यास केवळ उणे किमतीचा माल येईल. आणि फाटकावर माल उतरविण्याचे शुल्क घेतले, तर कोणीच माल आणणार नाही. रात्री आग लावली जाईल. उघड्यावर कचरा जाळणाऱ्यास ५,००० रुपये दंड करावा, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये दिला होता. पण रात्री धुराकडे पाहून दंड कोणाच्या नावे फाडावा, हे कोणत्याही ग्रामसेवकास विचारावे.

कापसाने शिकविलेला धडा

सरकारने एखाद्या मालाचा भाव ठरवावा की बाजारावर सोडावा, हा वाद विदर्भास नवा नाही. १९७२ पासून सुमारे तीन दशके महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना चालली. व्यापाऱ्याच्या दांडीपासून आणि मनमानी भावापासून शेतकऱ्यास वाचवावे, हा तिचा हेतू होता आणि तो चांगला होता. भाव पडेल त्या वर्षी आधार मिळावा म्हणून 'किंमत चढउतार निधी'ही उभारण्यात आला होता. परंतु हमीचा भाव आणि बाजारभाव यांतील अंतर वाढत गेले, तोटा साचत गेला, चुकारे लांबू लागले. बाहेर भाव चढला की कापूस शेजारच्या राज्यांत जाई आणि भाव पडला की सारा फेडरेशनच्या दारात येई. अखेर ती योजना गुंडाळावी लागली.

या अनुभवातून दोन गोष्टी शिकता येतात. ज्याच्या हाती काटा नाही आणि थांबण्याची ताकद नाही, त्याला बाजार नाडतो. म्हणून तळाचा भाव हवा. परंतु त्या भावामागे पैसा कोठून येणार हे आधी ठरले नाही, तर चांगला हेतू तोट्याच्या वहीत बुडतो. भंगाराच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे, कारण भंगाराचा भाव कापसाहूनही चंचल आहे. २००८ च्या उत्तरार्धात जागतिक मंदी आली, तेव्हा कागद, प्लॅस्टिक व धातूंचे भाव अल्पावधीत कोसळले आणि भारतातील कचरावेचकांची रोजची मिळकत पार घसरली. २०१८ च्या आरंभी चीनने परदेशी भंगाराच्या आयातीवर कठोर निर्बंध घातले, तेव्हा अमेरिकेतील अनेक शहरांवर वेगळीच वेळ आली. सुका कचरा देऊन वर्गीकरण केंद्रांकडून पैसे घेणारी शहरे तोच माल देण्यासाठी त्याच केंद्रांना पैसे मोजू लागली. श्रीमंत नगरपालिकांचे अंदाजपत्रक जेथे कोलमडले, तेथे डोक्यावर गोणी घेऊन फिरणाऱ्या बाईने काय करावे?

पुण्याची वाट

महाराष्ट्रात या प्रश्नाचा सर्वांत दीर्घ अनुभव पुण्याच्या गाठीशी आहे. १९९३ मध्ये बाबा आढाव यांच्या मार्गदर्शनाखाली तेथे 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. एस.एन.डी.टी. महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातील लक्ष्मी नारायण व पौर्णिमा चिकरमाने यांचा तिच्या उभारणीत मोठा वाटा होता. कचरा वेचणे हे भीक मागणे नव्हे, ते काम आहे, हा संघटनेचा पहिला आग्रह. नव्वदीच्या दशकातच पुणे महापालिकेने या स्त्रियांच्या ओळखपत्रांस मान्यता दिली. त्या वेचतात म्हणून तेवढा माल महापालिकेला वाहून न्यावा लागत नाही आणि सार्वजनिक पैसा वाचतो, ही बाब अभ्यासातून मांडण्यात आली. तोवर कचरावेचक स्त्री ही शहराला ओझे वाटत होती. प्रत्यक्षात शहराचेच ओझे ती वाहत होती.

पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निर्माण झाली आणि २००८ मध्ये तिचा महापालिकेशी करार झाला. आमच्या विषयाच्या दृष्टीने त्यातील दराची रचना फार महत्त्वाची आहे. घराने दारातून कचरा नेण्याच्या सेवेबद्दल दरमहा ठरावीक शुल्क द्यायचे आणि ते सेवा करणाऱ्या स्त्रीला मिळायचे. त्याखेरीज सुक्या कचऱ्यातील विकण्याजोग्या मालावर हक्क तिचाच. म्हणजे तिच्या मिळकतीला दोन पाय मिळाले. भंगाराचा भाव पडला तरी शुल्क उरते, आणि एखाद्या घराने शुल्क थकविले तरी भंगार हाती असते. महापालिकेने जागा, साधने आणि व्यवस्थापनाचा खर्च पुरवायचा. साडेतीन हजारांच्या आसपास सभासद, त्यांत बहुसंख्य स्त्रिया, या रचनेवर काम करीत आल्या आहेत.

हे चित्र सर्वस्वी गुलाबी नाही. शुल्क देण्यास टाळाटाळ करणारी घरे आहेत, वस्त्यांमधील वसुली कठीण आहे, आणि २०२० च्या अखेरीस करार संपला तेव्हा हे काम खासगी ठेकेदाराकडे जाणार की काय, अशी भीती निर्माण होऊन या स्त्रियांना रस्त्यावर उतरावे लागले. तरीही रचनेतील तत्त्व टिकून आहे: सेवेचे पैसे वेगळे, मालाचे पैसे वेगळे.

दूर दक्षिण अमेरिकेत कोलंबियाची राजधानी बोगोता येथे हेच तत्त्व न्यायालयाच्या मार्गाने आले. कचरावेचकांना डावलून ठेका देण्यास तेथील घटना न्यायालयाने २०११ मध्ये अटकाव केला. २०१३ पासून शहराने त्यांना मालाच्या विक्रीखेरीज वजनानुसार सेवेचा मोबदला देण्यास सुरुवात केली. मान्यताप्राप्त काट्यावर वजन झाले की त्याची नोंद होते आणि त्या नोंदीवर पैसे मिळतात. भंगाराची किंमत व्यापारी देतो, शहर स्वच्छ राखल्याचे पैसे शहर देते.

शुल्क म्हटले की कपाळाला आठी

घरोघरी शुल्क लावण्याचा विषय निघाला की महाराष्ट्रात वादळ उठते. पिंपरी-चिंचवड महापालिकेने घरटी दरमहा ६० रुपये उपयोगकर्ता शुल्क मिळकतकराबरोबर वसूल करण्यास आरंभ केला, तेव्हा मोठा विरोध झाला आणि राज्य शासनाने त्यास स्थगिती दिली. मुंबई महापालिकेने एप्रिल २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या उपविधींच्या मसुद्यात घरांच्या क्षेत्रफळानुसार दरमहा १०० ते १,००० रुपयांचे शुल्क सुचविले होते. तेथेही नाराजी उमटली. लोकांचा राग अनाठायी आहे असे आम्ही म्हणणार नाही. मिळकतकरात सफाईचा कर आधीच असताना हे नवे शुल्क कशाचे, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर हिशोब उघड केल्यावाचून देता येत नाही.

ग्रामपंचायतीच्या पातळीवर हिशोब उघड करणे सोपे असते. समजा, एखाद्या गावात १,००० घरे आहेत आणि प्रत्येक घराने महिन्याला २० रुपये दिले. वसुली पूर्ण झाली तरी हाती २०,००० रुपये येतात. त्यातून दोन स्त्रियांचे मानधन आणि गाडीचे डिझेल जेमतेम निघेल. म्हणजे शुल्कातून केंद्र श्रीमंत होत नाही; ते केवळ माणसे कामावर टिकवू शकते. आणि ज्या घराला २० रुपयेही जड आहेत, त्याने वर्गीकरण केलेला सुका कचरा आणून द्यावा व त्याचे शुल्क माफ व्हावे, अशी सवलत ठेवता येते. छत्तीसगढमधील अंबिकापूर शहराने २०१९ मध्ये एक किलो प्लॅस्टिकच्या बदल्यात एक जेवण देणारे उपाहारगृह सुरू केले. त्यामागील विचार हाच होता की पैसा नसलेल्या माणसाजवळही देण्याजोगे काही असते.

ज्याने पुडा भरला, त्याने

तथापि सर्व भार घरावर आणि पंचायतीवर का पडावा? उणे किमतीचा माल मुळात निर्माण कोण करतो? पाच रुपयांचा पुडा विकणारी कंपनी नफा शहरात नेते आणि रिकामा पुडा खेड्यात ठेवून जाते. केंद्र शासनाने फेब्रुवारी २०२२ मध्ये प्लॅस्टिक कचऱ्यासंबंधीच्या नियमांत दुरुस्ती करून उत्पादकांच्या विस्तारित जबाबदारीची रीतसर व्यवस्था घातली. उत्पादक, आयातदार व नाममुद्राधारक कंपन्यांनी बाजारात आणलेल्या आवरणांच्या प्रमाणात कचऱ्यावर प्रक्रिया झाल्याचा पुरावा द्यायचा, आणि तो पुरावा म्हणजे नोंदणीकृत प्रक्रिया उद्योगांकडून घेतलेली प्रमाणपत्रे. व्यवस्था कागदावर उत्तम आहे. परंतु २०२३ मध्ये काही उद्योगांनी लाखो बनावट प्रमाणपत्रे तयार केल्याचे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळास आढळले. शिवाय प्रमाणपत्राचा पैसा प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यापर्यंत येतो. पुडा वेचणाऱ्या हातापर्यंत तो आपोआप उतरत नाही. तालुक्याच्या केंद्राने कारखान्याशी करार करतानाच त्यातील वाटा मागून घेतला पाहिजे.

दुसरा मार्ग अनामतीचा. सोडावॉटरची बाटली परत केली की पैसे परत, हे आपल्यापैकी अनेकांनी अनुभवलेले आहे. मार्च २०१८ च्या प्लॅस्टिकबंदी अधिसूचनेत महाराष्ट्र शासनाने पाण्याच्या बाटल्या व दुधाच्या पिशव्या यांवर परताव्याची किंमत छापण्याची अट घातली होती. दुधाच्या पिशवीस ती किमान ५० पैसे होती. किराणा दुकानाच्या पातळीवर ही योजना रुजली नाही, कारण परत घेणार कोण, साठविणार कोठे आणि दुकानदारास त्याचे काय मिळणार, हे ठरले नव्हते. तमिळनाडूत निलगिरी जिल्ह्यात २०२२ पासून मद्याच्या बाटलीमागे १० रुपये अनामत घेऊन परत देण्याची पद्धत सुरू झाली, आणि बहुसंख्य बाटल्या परत येऊ लागल्या. तेथे विकणारे दुकान शासनाचेच असल्याने परत घेणारा निश्चित होता. गोवा शासनानेही २०२४ मध्ये अनामत परताव्याची योजना अधिसूचित केली. ज्या पुड्याला बाजारभाव नाही त्याला अनामतीमुळे भाव येतो, हे या पद्धतीचे सामर्थ्य आहे.

मापात पाप नको

भाव किती, याइतकेच वजन कसे, हेही महत्त्वाचे आहे. 'मापात पाप' ही आपल्याकडील जुनी म्हण भंगाराच्या धंद्यास तंतोतंत लागू पडते. कचरावेचक स्त्री दिवसाअखेर भंगारवाल्याच्या काट्यावर उभी राहते तेव्हा वजन तो सांगतो, घट तो धरतो, भाव तोच ठरवितो. अनेकदा तिने त्याच्याकडून उचल घेतलेली असते; त्यामुळे दुसरीकडे माल नेण्याची सोय नसते. भंगारवाल्यास सरसकट खलनायक ठरविणे योग्य नाही. भाव पडण्याची जोखीम तोही घेतो आणि अडीनडीला पैसे तोच देतो. परंतु गावात दुसरा काटा उभा राहिला की पहिलाही सरळ होतो. वैध मापन शास्त्र अधिनियम, २००९ अन्वये व्यापारातील काटा तपासून मुद्रांकित असणे बंधनकारक आहे. शासकीय केंद्रावर असा काटा असावा, वजनाचा आकडा माल आणणाऱ्यास दिसावा आणि पावती मिळावी. एवढ्या एका गोष्टीने दराहूनही अधिक न्याय होऊ शकतो.

कीटकनाशकांच्या डब्यांविषयी स्वतंत्र इशारा देणे आवश्यक आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतील विषबाधेने शेतकरी व शेतमजुरांचे बळी गेले, ते विदर्भ विसरलेला नाही. असे डबे इतर प्लॅस्टिकबरोबर वजनावर विकत घेतले, तर ते गोळा करण्यास मुले धावतील. त्यांना दरपत्रकात भाव नसावा. विक्रेत्याने ते परत घ्यावेत आणि त्यांची विल्हेवाट वेगळी व्हावी.

सरव्याचा हक्क

येथवर आम्ही व्यवहाराची भाषा बोललो. परंतु या प्रश्नाचा एक धागा आपल्या श्रद्धेशीही जुळतो. पिकाची कापणी करताना शेताच्या कडा झाडून कापू नयेत, खाली पडलेला सरवा गोळा करू नये, तो गरिबांसाठी व परक्यांसाठी राहू द्यावा, अशी आज्ञा लेवीयच्या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात आहे. मवाबी रूथ बवाजाच्या शेतात गेली ती याच हक्काने. सरवा वेचणे म्हणजे काय, हे वऱ्हाडातील मजूर बाईस सांगावे लागत नाही. शहराच्या कचऱ्यातून कागद आणि बाटल्या वेचणारी स्त्री आजच्या काळातील सरवाच वेचीत आहे. कचरा आता 'संपत्ती' झाला म्हणून त्याच्याभोवती कुंपण घालून तिला फाटकाबाहेर उभे केले, तर केंद्र आधुनिक होईल, पण शेताची कड कापली जाईल.

पोप तेरावे लिओ यांनी १८९१ मध्ये 'रेरुम नोवारुम' या विश्वपत्रात मजुरीविषयी एक मूलभूत विचार मांडला: मालक व मजूर यांनी संमतीने ठरविलेला दर केवळ संमतीमुळे न्याय्य ठरत नाही, त्या दरात श्रमिकाचे जगणे शक्य असले पाहिजे. गरजेपोटी दिलेली संमती ही खरी संमती नव्हे. मे २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोप महोदयांनी लिओ हेच नाव धारण केले, त्यामागे या विश्वपत्राची आठवण असल्याचे त्यांनी स्वतः सांगितले. त्यांच्या आधीचे पोप फ्रान्सिस यांच्या १९ मार्च २०१३ च्या पदग्रहण मिस्साविधीस ब्युनोस आयर्सच्या रस्त्यांवर पुठ्ठा वेचणाऱ्यांचे प्रतिनिधी सर्जिओ सांचेझ उपस्थित होते. २०१५ च्या 'लाउदातो सी' या विश्वपत्रात पोप फ्रान्सिस यांनी टाकून देण्याच्या संस्कृतीवर बोट ठेवले. जी संस्कृती वस्तू टाकून देते, ती माणसांनाही टाकून देते, हा त्यांचा इशारा होता. कचऱ्याच्या दरपत्रकात त्याची परीक्षा होते.

ग्रामसभेत काय मागावे?

शेंडगावला जन्मलेल्या संत गाडगेबाबांनी हाती खराटा घेऊन वऱ्हाडातील गावे झाडली. त्यांच्या नावाचे ग्रामस्वच्छता अभियान २०००-०१ पासून राज्यात सुरू झाले, आणि अनेक गावांनी बक्षिसे मिळविली. बक्षिसानंतर स्वच्छता टिकविणे अधिक अवघड असते, हाही त्याच अभियानाचा अनुभव. म्हणून वरवट बकालसारख्या गावातील आणि आपल्या धर्मग्रामांतील नागरिकांनी ग्रामसभेत पुढील गोष्टी मागाव्यात असे आम्ही सुचवितो.

पहिली गोष्ट, दरपत्रक मालाच्या प्रकारानुसार असावे आणि ते केंद्राच्या फाटकावर मराठीत, ठळक अक्षरांत लावलेले असावे. दुसरी, चांगल्या मालाचा भाव दर महिन्याला जवळच्या बाजारपेठेतील भावाशी ताडून बदलावा. परंतु एका ठरलेल्या तळाखाली तो जाऊ नये, आणि तेजीच्या महिन्यांतील शिल्लक मंदीसाठी वेगळी ठेवावी. तिसरी, फाटकावर माल आणणाऱ्याकडून शुल्क मुळीच घेऊ नये. उणे किमतीच्या मालास किलोमागे अल्प का होईना, गोळा करण्याची मजुरी द्यावी आणि ती घरांच्या शुल्कातून व उत्पादकांच्या वाट्यातून भागवावी. चौथी, गावात आधीपासून भंगार वेचणाऱ्या कुटुंबांना ओळखपत्र देऊन केंद्रात काम करण्याचा पहिला हक्क द्यावा. पाचवी, वर्षातून दोनदा जमाखर्च ग्रामसभेपुढे वाचला जावा.

यांत अवघड असे काही नाही. मात्र एक निर्णय आधी घ्यावा लागतो. केंद्र नफ्यासाठी आहे की गावासाठी? नफा हेच माप धरले, तर पहिली काटछाट वेचणाऱ्या हातांच्या मजुरीत होईल, कारण तो हात सर्वांत कमी ओरडतो. गाव हे माप धरले, तर नाले मोकळे राहिले की नाही, शेतात प्लॅस्टिक कमी झाले की नाही आणि काम करणाऱ्या स्त्रीच्या घरी चूल नियमित पेटते की नाही, यावर केंद्राचे यश मोजले जाईल.

अनेक धर्मग्रामांत गरिबांच्या मदतीसाठी रद्दी गोळा केली जाते. हा उपक्रम स्तुत्य आहे. यापुढे ती रद्दी विकताना आपल्या भागात रोज गोणी घेऊन फिरणाऱ्या बाईचा विचार व्हावा: तिचा माल आपण तर उचलत नाही ना? शक्य असेल तेथे संकलनाचे काम तिलाच द्यावे आणि त्याचा मोबदलाही तिलाच द्यावा. घरात कचरा वेगळा करताना काच कागदात गुंडाळून बाजूस ठेवावी, जेणेकरून वेचणारा हात कापणार नाही. दर ठरविण्याचा अधिकार पंचायतीचा आहे. पण जो हात आपला उकिरडा निवडतो, त्याची काळजी घेण्यासाठी कोणत्याही ठरावाची वाट पाहावी लागत नाही.